आवाज बंद, चॅनल चालू

मागाखाली धाग्याचा कचरा कसा साचतो, पाहिलंय का कधी? संध्याकाळी झाडून काढा, सकाळी पुन्हा ढीग. आमच्या चॅनलच्या किश्शांचं तसंच आहे. मी सांगून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी नवा ढीग! लोक म्हणतात, "आप्पा मनाने रचतो." अरे, रचायला डोकं लागतं. मी पाचवी नापास, तेही दोनदा. दुसऱ्यांदा तर गुरुजींनी पेपर न बघताच नापास केलं, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास!

पण आज मी रागाने लिहायला बसलोय. परवा कुणीतरी मासिकातलं एक पान आणून दाखवलं. गुळगुळीत कागद, त्यावर आमच्या चॅनलचा लेख. आणि लेखात वाक्य काय, तर 'या चॅनलने सुरतेच्या अडाणी मजुरांना कलात्मक सिनेमा बघायला शिकवलं.'

शिकवलं? आम्हाला? कुणी कुणाला शिकवलं ते आता ऐकाच!

आधी माणसं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा कुठूनही सुरू होतो.

आमचं लिंबायत म्हणजे सुरतेत वसलेलं खानदेश. अर्धी गल्ली अमळनेरची, अर्धी शिंदखेड्याची, आणि नळावरचं भांडण दोघांचं मिळून. मी चोवीस वर्षं माग चालवले. मागांनी कान नेले तेव्हा मागांना सोडलं आणि हसुभाईच्या केबलवर लाइनमन झालो. हसुभाई आमच्या भागाचा केबलवाला. माणूस चांगला आहे, असं मी त्याच्या तोंडावर म्हणतो.

आणि आमचे सोनवणेसर. पालिकेच्या मराठी शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, पण दिवसभर मुक्काम लिंबायतला. त्यांना एकच व्यसन. असे पिक्चर, ज्यांत गाणं नाही, मारामारी नाही आणि ज्याने काढला त्याच्या घरच्यांनीसुद्धा जो पाहिलेला नाही! सरांनी देशभरच्या अशा लोकांना पत्रं लिहिली की तुमचा पिक्चर आम्ही दाखवतो. बिचारे इतके खूश झाले की आपणहून पाठवायला लागले. हसुभाईकडे एक्क्याण्णव नंबर रिकामा पडला होता. अलीकडे भजनं, पलीकडे साड्यांची विक्री, मधे आम्ही. चॅनलचं नाव 'निवांत'.

"आप्पा, अशा पिक्चरचं हे देशातलं पहिलं चॅनल आहे," सर म्हणाले.

"असणारच सर. दुसऱ्या कुणाची हिंमत होणार?"

ऑफिस पिठाच्या गिरणीच्या माडीवर. सर मालक, सर निवेदक, सरच झाडूवाले. मी प्रोग्रॅम मॅनेजर. म्हणजे बटण दाबायचं.

* * *

पहिल्याच दिवशी पिक्चर लागला त्यात म्हैस. गोठ्यात म्हैस उभी, बस्स. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. फोन सुरू!

"आप्पा, चित्र अडकलं!"

"आप्पा, डबा बिघडला!"

डबा म्हणजे सेटटॉप बॉक्स. निम्म्या लिंबायतने डब्याला थापडा मारल्या. हसुभाईने मला शिडी देऊन खांबावर चढवलं. मी वर जाऊन तार हलवली आणि त्याच क्षणी म्हशीने शेपूट हलवलं. खालून टाळ्या! "आप्पाने दुरुस्त केलं रे!"

दुसऱ्या दिवशी तोच पिक्चर पुन्हा होता. मी सरांना न विचारता चित्राखाली पट्टी सोडली. 'चॅनल चालू आहे. म्हैस उभी आहे.' दोन मिनिटांनी दुसरी. 'म्हैस अजून उभी आहे. डब्याला मारू नये.' फोन एकदम बंद!

सर जिना चढून आले ते लालबुंद. "आप्पा, कलाकृतीवर पट्टी? हा खून आहे, खून!"

"सर, पट्टी वाचायला का होईना, लोक शेवटपर्यंत बसले."

एवढ्यात खालून हाक आली. सुशीलाबाई दळण घेऊन आल्या होत्या. सुशीलाबाई तीस वर्षं मागाच्या खात्यात कांड्या भरतात, म्हणजे कांडीवर धागा गुंडाळतात. खातं म्हणजे आमच्याकडे मागांचा कारखाना. बाईंचा आवाज असा की गिरणी चालू असली तरी माडीवर ऐकू येतो.

"ओ मास्तर! ती म्हैस गाभण व्हती ना?"

सर कठड्यावरून वाकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, एवढा येळ दाखवली तर कळणार नाही का? एक पाय सारखा बदलत व्हती."

सर माझ्याकडे वळले. राग कुठल्या कुठे गेला होता. म्हणाले, "आप्पा, दिग्दर्शकाला हेच दाखवायचं होतं. त्यानेच मला पत्रात लिहिलंय. आजवर एकाही विद्वानाला ते दिसलं नव्हतं."

आता सांगा, अडाणी कोण?

* * *

हसुभाईचा रोग वेगळा. त्याला रिकामी जागा सहन होत नाही. त्याच्या ऑफिसात बघा, दोन देवांच्या फोटोंमधे बोटभर फट दिसली की तिथे तिसरा देव!

एकदा सर तापाने पडलेले आणि मी गावी गेलेलो. हसुभाईने स्वतः बसून पिक्चर पाहिला आणि म्हणाला, "आमां तो अडधुं खाली छे!" अर्धा रिकामाच आहे म्हणे! त्याने कंप्युटरवाल्याला बसवलं आणि जिथे जिथे कुणी बोलत नाही तिथे तिथे पिक्चर कापून टाकला. सव्वादोन तासांचा पिक्चर चाळीस मिनिटांत खलास! हिरो हिरॉइनला म्हणतो, "एक विचारू?" आणि लगेच त्यांचा नातू म्हणतो, "आजी, भूक लागली!"

ज्या पोराने तो काढला होता त्याची चार वर्षं त्यात गेली होती. त्याचा सरांना फोन आला, "सर, लागला का माझा पिक्चर?" सर म्हणाले, "लागला." फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला रडता येत नाही. मला खोड्या येतात.

हसुभाईच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ आमच्याच कपाटात होता. मी त्याच कंप्युटरवाल्याला चहा पाजला आणि सांगितलं, "शेठचाच नियम लाव. जिथे कुणी बोलत नाही ते काप." वरात गेली, हार गेले, मुलीची पाठवणी गेली, सगळं गाण्यावर होतं ते गेलं. उरलं काय? व्याही म्हणतात, "दाळमां मीठुं नथी." हसुभाई आचाऱ्यावर ओरडतो. कुणी मावशी शेजारणीला सांगते, "साडी तो गया वरसनी छे," म्हणजे गेल्या वर्षीची. पुन्हा हसुभाई आचाऱ्यावर. अकरा मिनिटांत लग्न उरकलं!

हे मी चॅनलवर नाही लावलं, एवढा काही मी नीच नाही. त्याच्या ऑफिसात लावलं. व्याही चहाला आले होते तेव्हा.

हसुभाई घामाने भिजला. "आप्पा, बाकीनुं क्यां गयुं?"

"शेठ, बाकी खाली होतं."

त्या दिवसापासून हसुभाईने पिक्चरला कात्री लावली नाही. पण त्या दिवसापासून माझ्या एकाही शब्दावर विश्वासही ठेवला नाही. मी 'आज रविवार आहे' म्हटलं तरी कॅलेंडर बघतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

* * *

मग एक साहेब आले. लांबून आले होते, सिनेमावर बोलायला. पांढराशुभ्र झब्बा, गळ्यात चष्मा. त्या आठवड्यात आम्ही सगळे काळे-पांढरे पिक्चर लावले होते. साहेब आमच्या कॅमेऱ्यासमोर बसले आणि म्हणाले, "श्रमिक वर्गाला भडक रंग लागतात. कृष्णधवल प्रतिमेची भाषा त्यांना परकी असते."

श्रमिक वर्ग म्हणजे आम्ही! आणि बटण माझ्या हातात! बोट शिवशिवलं हो. सरांनी डोळे वटारले म्हणून थांबलो.

तेवढ्यात माझा भाचा आला. तो पलसाण्याला डाइंग मिलमधे आहे. कामावरून थेट आला होता, हात कोपरापर्यंत जांभळे, घामाने रंग अजून सुटत होता. साहेबांना वाटलं, चला, नमुना मिळाला. त्यांनी विचारलं, "काय हो, बिनरंगाचं बघून कंटाळा येत नाही?"

भाचा म्हणाला, "साहेब, दिवसभर रंगातच उभा असतो. नाक शिंकरलं तरी हिरवं निघतं. घरी येऊन हे लावलं की डोळे धुतल्यासारखं वाटतं."

साहेबांनी वही काढली आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. भाच्याचं नाव विचारलं नाही. सर सांगत होते, पुढे कुठल्याशा भाषणात साहेबांनी ते स्वतःचं म्हणून खपवलं. बघा! आमच्याकडे भाषा नाही, पण वाक्य मात्र आमचंच चोरणार!

मी फक्त एकच केलं. साहेब निघाले तेव्हा भाच्याला म्हटलं, "अरे, एवढे मोठे साहेब आलेत, गळाभेट तर घे!"

पोरगं सरळ आहे. दोन्ही हातांनी घेतली.

* * *

आता आवाजाचा किस्सा.

खाली गिरणी म्हटल्यावर वर उंदीर आलेच. एका उंदराने आवाजाची वायर कुरतडली. चित्र जात होतं, आवाज नाही. मला कसं कळणार? माझ्या कानांना फोन चिकटवला तर ऐकू येतो, टीव्हीचा आवाज असला काय, नसला काय! सर मुलीकडे नाशिकला गेलेले. नऊ दिवस चॅनल मुकं चाललं. आणि नऊ दिवसांत एक फोन नाही!

दहाव्या दिवशी सर आले, टीव्ही लावला आणि किंचाळले. मी पळत जाऊन वायर जोडली. आवाज सुरू झाला आणि लगेच फोन वाजला.

"आप्पा, आवाज कशाला लावला?"

दुसरा फोन. "आवाज बंद कर ना भाऊ, बाळ झोपलंय. आम्हाला समजतंय तसंच."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "आप्पा, ही तुझी खोडी आहे."

"सर, आईशप्पथ नाही. चला माझ्याबरोबर."

मी त्यांना सुशीलाबाईंच्या खात्यात घेऊन गेलो. लिंबायतमधे इतकी वर्षं काढली, पण मास्तर माणूस, खात्यात कधी पाय ठेवला नव्हता. आत माग असे धडाडत होते की कानाशी येऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. आणि त्या धडधडाटात सगळे गप्पा मारत होते! या टोकाच्या सुशीलाबाईंनी ओठ हलवले, "डब्यात काय आणलं?" त्या टोकाच्या माणसाने ओठांनीच सांगितलं, "वांगं." मधल्या एकाने मान वळवून विचारलं, "कालचंच का?" आवाज कुणाचाच नाही. मागावर दोन वर्षं काढली की प्रत्येकाला ओठ वाचता येतात. आमच्याकडे याच्यावर सोयरिकी जमतात, भांडणं होतात, मुकादमाला त्याच्यासमोर शिव्या जातात. मुकादमालाही येतं म्हणून तोही परत देतो!

ही विद्या कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. म्हणून आम्ही अडाणी!

आम्ही बाहेर आलो. मागोमाग सुशीलाबाई आल्या, तक्रार घेऊन.

"मास्तर, आवाज नव्हता तेच बरं व्हतं. आवाज लावला की खोटं कळतं."

"कसलं खोटं?"

"त्यो पिक्चर बघा ना, मागं आवाजासकट लागला व्हता, बाप मरतो त्यो. आवाज म्हणतो, 'बाबा, तुमच्या सावलीत वाढलो मी.' आणि तोंड म्हणतं, 'एक, दोन, तीन, चार, पाच.' बाप मेलाय आणि हा मेला आकडे मोजतोय! सहाला तर हसू दाबलंय त्यानं."

सरांनी चौकशी केली. खरं निघालं! शूटिंगच्या दिवशी संवादच लिहून झाले नव्हते, म्हणून नटाला आकडे म्हणायला लावले आणि आवाज नंतर भरला. आणि ऐका, त्याच प्रसंगासाठी त्या नटाला बक्षीस मिळालं होतं!

सरांनी दोन दिवस जेवण सोडलं. मी त्यांना म्हटलं, "सर, वाईट वाटून घेऊ नका. सहापर्यंत मोजणं तरी पाठ होतं त्याला."

* * *

आणि मग हसुभाईने बॉम्ब टाकला.

रिंगरोडच्या मार्केटातल्या एका साडीवाल्या शेठला दुसरं चॅनल हवं होतं. आणि त्याला नंबर हवा होता एक्क्याण्णवच, कारण पलीकडे त्याचं पहिलं चॅनल. हसुभाई माडीवर आला, खुर्चीवर बसला नाही, उभ्यानेच म्हणाला, "मास्तर, तमारुं चॅनल कोण जुए छे? म्हैस जुए छे?"

सर म्हणाले, "लिंबायत बघतं."

"चालू ठेवणं वेगळं, बघणं वेगळं. लोक टीव्ही चालू ठेवून भाजी चिरतात. मन लावून बघतात असं दाखवा, नंबर तुमचा. मी अजून कुणाला शब्द दिला नाही."

तो गेल्यावर सर खिडकीशी बसून राहिले. बायको वारल्यापासून सरांना घरी थांबवत नाही, हे मला माहीत होतं. पण ते कधी बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "आप्पा, चॅनल गेलं तर मी सकाळी उठून कुठे जाऊ?"

मी सगळ्या जगाची थट्टा करतो. त्या दिवशी मी खाली जाऊन सरांसाठी चहा घेऊन आलो.

मग सरांनी ठरवलं, कार्यक्रम करायचा. एका मोठ्या दिग्दर्शकाला बोलवायचं, त्याच्या पिक्चरवर लोकांशी गप्पा ठेवायच्या, हसुभाईला समोर बसवायचं. दिग्दर्शकाचं नाव मी घेत नाही, पिक्चरचंही नाही. वकिलाची नोटीस आली तर वाचायची कुणी?

त्या पिक्चरमधला एकच प्रसंग सांगतो. नवरा घर सोडून चाललाय. बायको पत्र्याच्या छपरावर चढलीय, भर दुपारी, अनवाणी. ती त्याच्याकडे बघत काहीतरी बोलते, पण ऐकू फक्त वारा येतो. पूर्ण चार मिनिटं. कॅमेरा जवळ जवळ येतो, तिचे ओठ हलताहेत, डोळ्यांतून घळाघळा पाणी. या चार मिनिटांवर लोकांनी पुस्तकं लिहिलीत म्हणे! दिग्दर्शक प्रत्येक मुलाखतीत सांगतो, "ती काय बोलते ते मलाही ठाऊक नाही. ते तिचं आहे." त्या पिक्चरनंतर त्या बाईने कामच सोडलं. त्यावरही दिग्दर्शक म्हणतो, "त्या प्रसंगानंतर तिच्यापाशी द्यायला काही उरलंच नव्हतं."

आणि हा पिक्चर आम्ही लावला होता त्या नऊ मुक्या दिवसांत.

* * *

कार्यक्रम समाजाच्या वाडीत होता. सुरतेत वाडी म्हणजे लग्नाचा हॉल. नवीन एसी बसवलेला, म्हणून पुढे सगळी काच. काचेबाहेर अरुंद गल्ली, गल्लीत सुट्टीच्या दिवशीही चालणाऱ्या शेजारच्या खात्याचा धडधडाट, समोर पानाचा गल्ला, म्हणजे पानाची टपरी. हॉल गच्च भरला. सुट्टीचा वार म्हणून बाया पोरीबाळींना घेऊन आल्या होत्या. हसुभाई पहिल्या रांगेत, मांडीवर मोबाइल.

दिग्दर्शकसाहेब बोलले. छान बोलले. म्हणाले, "त्या चार मिनिटांत स्त्रीचं सनातन दुःख आहे. ते शब्दांत सापडणार नाही." मग पडद्यावर ती चार मिनिटं दाखवली. लाइट लागले. साहेबांनी मोठ्या मनाने विचारलं, "तुमच्यासारख्या साध्या माणसांना यातून काय जाणवलं? घाबरू नका, बोला."

सुशीलाबाई उठल्या. मी माइक नेऊन दिला.

"जाणवायचं काय त्यात? ती सांगतेय की."

"काय सांगतेय?" साहेब हसले.

"पहिल्यांदा म्हणते, 'साहेब, पत्रा लई तापलाय.' मग म्हणते, 'झालं का हो?' मग सारखं तेच, 'कट म्हणा ना साहेब, पाय भाजताहेत, कट म्हणा ना.'"

मागून एक म्हातारा म्हणाला, "बरोबर आहे. आमच्या घरात सगळ्यांनी तेच वाचलं." चारी बाजूंनी माना हलल्या.

साहेबांचा चेहरा पत्र्यासारखा झाला. पडद्याकडे बघतच त्यांनी अगदी हळू विचारलं, "आणि शेवटी? कॅमेरा एकदम जवळ आहे तेव्हा?"

"शेवटी तुमचं नाव घेतलंय भाऊ," सुशीलाबाई म्हणाल्या. "पुढचं पोरीबाळींसमोर नाही सांगत."

साहेब स्टेजवरून उतरले. मला वाटलं आता निघाले. तर ते बायांच्या रांगेत जाऊन खाली सतरंजीवर बसले. बूट काढून.

पण हसुभाई उसळला! "आ बधुं आप्पानुं नाटक छे! याने पढवलंय सगळ्यांना! मी ओळखतो याला!"

काय करू हो? आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलेलं नव्हतं आणि पहिल्यांदाच मला शपथ घ्यायची वेळ आली. सरांनीसुद्धा वळून माझ्याकडे बघितलं!

तेवढ्यात हसुभाईच्या मांडीवरचा मोबाइल वाजला. तो उठून काचेबाहेर गेला, दार लोटलं आणि आमच्याकडे तोंड करून बोलायला लागला. काच बंद, बाहेर माग चालू. आत एक अक्षर येत नव्हतं.

माइक अजून सुशीलाबाईंच्या हातात होता.

"हां शेठ," बाईंनी त्याच्या गुजरातीचं मराठी करत माइकवर सुरू केलं. "हां हां... सोमवारपासून नंबर तुमचा... अहो, शब्द तर मागच्या महिन्यातच दिलाय ना... इथं नुसता तमाशा चाललाय... मजूर लोक आहेत शेठ, यांना काय कळतंय... आत जाऊन दोन शब्द गोड बोलतो, टाळ्या घेतो आणि निघतो."

हसुभाई आत आला. थेट स्टेजवर गेला, हात जोडले. "माझ्या बहिणींनो, भावांनो, मी अजून कुणालाही शब्द दिलेला नाही. तुम्ही सगळे माझ्या घरचेच..."

आणि टाळीसाठी थांबला.

एक टाळी नाही. सगळा हॉल त्याच्या ओठांकडे बघत होता.

सुशीलाबाई म्हणाल्या, "शेठ, सोमवारी एक्क्याण्णव नंबर गेला ना, तर सोमवारीच माझा डबा तुमच्या टेबलावर."

"मना बी!" मागून कुणीतरी ओरडलं. "आमचा पण!" "आमचे दोन!"

हसुभाईने कपाळ पुसलं, माझ्याकडे असं बघितलं की आप्पा, तुला मी सोडणार नाही, आणि मोबाइल घेऊन पुन्हा बाहेर पळाला. पण आता शहाणा झाला होता. या वेळी त्याने काचेकडे पाठ केली. आम्हाला नुसतं टक्कल दिसत होतं, आणि कानाशी धरलेला हात.

सरांनी डोळे मिटले. हॉलमधून एक सुस्कारा गेला.

"समोर बघा ना मास्तर," सुशीलाबाई म्हणाल्या.

समोर पानाचा गल्ला होता. गल्ल्याच्या मागच्या भिंतीला, जसा सगळ्यांकडे असतो तसा, भलामोठा आरसा. आणि आरशात हसुभाई, पूर्ण तोंडानिशी.

बाईंनी पदराने चष्मा पुसला, माइक तोंडाशी धरला.

"शेठ, सोमवारचं कॅन्सल समजा... नाही नाही, नंबर नाही देता येत... अहो, कसं सांगू तुम्हाला..."

आणि थांबल्या. हसुभाईचे ओठ तर भराभरा चालूच होते. सर उठून उभे राहिले. दिग्दर्शकसाहेब सतरंजीवरून मान उंच करून आरशाकडे बघत होते. "पुढे?" ते म्हणाले. "पुढे काय म्हणतोय?"

बाईंनी माइक माझ्या हातात दिला.

"पुढचं पोरीबाळींसमोर नाही सांगत."